सँडिंगच्या आधी कोणीतरी घरी यायला हवं (एका साइड बिझनेसची आयडिया)

न्यू जर्सीत आपल्या लोकांचं घर घेणं ठरलेल्या क्रमानेच होतं. शाळा बघायची, ट्रेन स्टेशन किती मिनिटांवर आहे ते बघायचं, देवघर कुठे बसेल त्यावर सासू-सुनेचं एकमत करायचं, बेसमेंटला ओल आहे का ते हुंगायचं, आणि ऑफर लागली की पुढचं वाक्य हमखास "सामान यायच्या आत फ्लोर करून घेऊ," म्हणजे लाकडी फरशी मशीनने घासून (सँडिंग) वर नवीन फिनिश मारून घेऊ. वाक्य बरोबरच आहे म्हणा, रिकाम्या घरात फ्लोर करणं केव्हाही सोपं. भानगड अशी की क्लोजिंग (घर कागदोपत्री आपल्या नावावर होणं) आणि अपार्टमेंटची लीज संपणं यात जेमतेम आठवडाभर असतो, आणि त्या आठवड्यात जो माणूस फोन उचलतो तोच चांगला कॉन्ट्रॅक्टर ठरतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर "फ्लोरिंगवाला कोणी आहे का, अर्जंट" असं पडतं, कोणीतरी "आमच्याकडे केलं होतं, ठीक होता" म्हणून नंबर टाकतो, आणि झालं ठरलं.

आता इकडच्या जुन्या घरांत काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली जी केप कॉड किंवा रँच टाइपची घरं आहेत, त्यात बहुतेक ठिकाणी रेड ओकच्या सव्वादोन इंच रुंद पट्ट्या असतात, पाऊण इंच जाड, एकमेकांत जीभ-खाच करून बसवलेल्या. पुढे कार्पेटची लाट आली आणि लोकांनी तो ओक झाकून टाकला. म्हणून कार्पेट उचकटलं की खाली सोनं सापडल्यासारखं वाटतं, आणि खरंच ते सोनंच असतं, तसलं लाकूड आज नव्याने टाकायला गेलात तर बिल बघून खाली बसाल.

आता खरी गोम. पट्टी पाऊण इंच जाड असली तरी घासायला पाऊण इंच मिळत नाही. ती जी जीभ आणि खाच आहे ना, तिच्या वर जेवढं लाकूड आहे तेवढंच तुमचं, म्हणजे साधारण पाव इंच, फार तर जरा जास्त. त्याखाली गेलात की खाचेची कड उघडी पडते, चिरफळ्या निघतात, खिळ्यांची डोकी चमकायला लागतात. प्रत्येक पूर्ण सँडिंगमध्ये यातला थोडा थोडा भाग भुसा होऊन पिशवीत जातो. भिंतीचा रंग बिघडला तर दुसरा हात मारता येतो, फ्लोरचं तसं नाही, कारण बिघडलेलं सँडिंग दुरुस्त करायचं म्हणजे परत सँडिंगच, आणि गेलेलं लाकूड काही परत येत नाही. माझा सगळा बिझनेस या एका मुद्द्यावर उभा आहे.

आमच्या एका मित्राचं घर बघून हे डोक्यात बसलं. पन्नासच्या दशकातलं घर, साधारण ९०० स्क्वेअर फूट फ्लोर, कॉन्ट्रॅक्टर स्वस्तात तयार झाला आणि दोन दिवसांत करून गेला. दुपारी बघितलं तर झकास. वास्तूला आम्ही संध्याकाळी गेलो, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आडवं आलं आणि लिव्हिंग रूमभर लाटा दिसायला लागल्या, एकदम बारीक, अंगुळभर अंतरावर एकसारख्या. ड्रम सँडर, म्हणजे फिरत्या ड्रमवर काचपेपर लावलेलं घासायचं मशीन, थरथरला की हे होतं, बेल्ट नीट बसला नसेल, ड्रम किंवा चाक झिजलं असेल तर तो फ्लोरवर टकटक करत जातो. भिंतीच्या कडेने गोल गोल ओरखडे, त्यावर डार्क वॉलनट स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारलेला, त्यामुळे प्रत्येक ओरखडा काजळासारखा काळा. तो एजरचा, म्हणजे कडा घासायच्या छोट्या मशीनचा प्रताप. बेडरूमच्या दारात एक उथळ खड्डा, तिथे मशीन पुढेमागे करताना ड्रम उचलायला उशीर झाला. आणि किचनमध्ये सिंकजवळ पॉलीचा (वर मारतात त्या पॉलियुरेथेन फिनिशचा) पापुद्रा नखाने निघत होता. वहिनी सगळ्यांना हसून पुरणपोळी वाढत होत्या आणि मधेच पायाने एक रग सरकवून तो दारातला खड्डा झाकत होत्या, ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला दाखवलं तर तो म्हणाला परत घासावं लागेल, पण आता जाडी किती उरली ते बघायला पाहिजे. हे पहिल्याने का नाही बघितलं? कारण त्याला बघायचं काही कारणच नव्हतं, तो घासायचे पैसे घेतो.

इथेच माझी आयडिया सुरू होते. इकडे नॅशनल वुड फ्लोरिंग असोसिएशन नावाची संस्था आहे, ते सँडिंग-फिनिशिंगच्या गाइडलाइन्स काढतात, कारागिरांना आणि इन्स्पेक्टरांना सर्टिफिकेशन देतात. म्हणजे फ्लोर तपासणारी माणसं आहेत. पण त्यांना बोलावतात कधी, तर भांडण झाल्यावर. घरमालक म्हणतो बिघडवलं, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो लाकूडच तसं, मग इन्स्पेक्टर येऊन रिपोर्ट लिहितो. वरातीमागून घोडं. आणि घर घेताना जो होम इन्स्पेक्टर येतो त्याला छप्पर, बॉयलर, वायरिंग, वाळवी एवढं सगळं असतं, तो बिचारा फ्लोरवर "नॉर्मल वेअर" एवढी एक ओळ लिहितो आणि पुढे सरकतो. सँडिंगच्या आधी येऊन "घासू नका" म्हणणारा माणूस बाजारात जवळजवळ नाहीच, कारण त्याला पैसे कोण देणार हे कोणी ठरवलेलं नाही.

तर मी म्हणतो घरमालकाने द्यावेत. तासाभराची व्हिजिट, २०० डॉलरच्या आसपास. पूर्ण रिफिनिशिंगला इकडे स्क्वेअर फुटाला ३ पासून ८ डॉलरपर्यंत लागतात, म्हणजे वरच्या ९०० फुटांचे ५ ने धरले तरी साडेचार हजार झाले. साडेचार हजाराच्या कामाआधी दोनशे, आपल्या लोकांनाही हे पटेल असं मला वाटतं (पहिल्यांदा "दोनशे कशाचे?" विचारतील, विचारू देत).

त्या तासात काय करायचं ते सांगतो. पहिलं, हीटिंगचं रजिस्टर उचलायचं, म्हणजे फ्लोरमधली ती जाळी. ती उचलली की पट्टीची कापलेली कड समोर दिसते, जिभेच्या वर किती लाकूड आहे ते कॅलिपरने मोजता येतं, आणि मुख्य म्हणजे ते अख्खं लाकूड आहे का वर पातळ ओक चिकटवलेलं एंजिनिअर्ड आहे ते कळतं. एंजिनिअर्डचा वरचा थर कधी कधी एक मिलिमीटरसुद्धा नसतो, त्यावर ड्रम फिरवला की खाली प्लायवूड. जाळी उचलायला अर्धं मिनिट लागतं आणि किती लोकांचं घर यात वाचेल याची कल्पना करा. रेडिएटर असलेल्या घरात जाळी नसते, तिथे दाराचा उंबरठा किंवा क्लोझेटमधली कड शोधायची.

दुसरं, मॉइश्चर मीटर. दोन सुया लाकडात टोचायच्या, साधारण ६ ते ९ टक्के असेल तर ठीक. डिशवॉशर गळून पट्ट्यांच्या कडा वर आल्या असतील, म्हणजे कपिंग झालं असेल, तर घाईघाईत घासून सपाट करणारे बरेच आहेत, मग लाकूड वाळतं, कडा खाली बसतात आणि पट्टीचं पोट वर येतं. म्हणजे आधी दरी होती आता टेकडी झाली, आणि लाकूड गेलं ते गेलंच. इथे सल्ला एकच, आधी गळती बंद करा आणि थांबा. थांबायचे पैसे कुठलाच कॉन्ट्रॅक्टर लावू शकत नाही, म्हणून तो सल्ला कोणी देत नाही.

तिसरं, पाण्याचे दोन-चार थेंब टाकायचे, जिथे चालणं जास्त तिथे. थेंब तसेच मण्यासारखे राहिले तर पॉली अजून जिवंत आहे, मुरून लाकूड गडद झालं तर फिनिश संपलं. पॉली जिवंत असेल, नुसते वरवरचे ओरखडे असतील, तर पूर्ण घासायची गरजच नाही, बफरने हलकं खरखरीत करून वर एक हात मारला की झालं. याला स्क्रीन अँड रीकोट म्हणतात, खर्च साधारण १ ते २ डॉलर फुटाला, दिवसाचं काम. पण त्याआधी एका कोपऱ्यात ट्राय करून बघावं लागतं, कारण आधीच्या मालकिणीने वर्षानुवर्षं वॅक्स किंवा ते चकाकी आणणारं लिक्विड लावलं असेल तर नवीन हात धरत नाही. क्लोझेटमध्ये छोटा तुकडा करायचा, वाळू द्यायचा, ब्लेडने बारीक चौकड्या मारून टेप चिकटवून ओढायची. टेपबरोबर फिनिश आलं तर अख्ख्या घरात तेच होणार होतं. मित्राच्या किचनमधला पापुद्रा बहुतेक याच जातीचा, फक्त तिथे दोन हातांच्या मधे घासलंच नसावं असा माझा संशय आहे.

शिवाय १९७८ च्या आधीचं घर असेल तर लेड, म्हणजे शिसं. बेसबोर्डचा (भिंतीच्या तळाच्या पट्टीचा) रंग, कधी कधी जुनं व्हार्निशसुद्धा. घरात रांगणारं बाळ असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्याच्या वर, आणि अशा घरात काम करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे ईपीएचं (अमेरिकी सरकारच्या पर्यावरण खात्याचं) लेडचं सर्टिफिकेशन पाहिजे, ते आहे का हे विचारायला लाजू नये.

मग घरमालकाच्या हातात दोन पानी कागद. घासा, घासू नका, नुसता हात मारा, थांबा, किंवा हे लाकूड आता संपलं. यातला "घासू नका" हा निकाल बऱ्याच घरांत निघेल असा माझा अंदाज आहे, आणि तिथे आमचे दोनशे एका झटक्यात वसूल.

दुसरी व्हिजिट माझ्या मते याहून महत्त्वाची आणि तिची आयडिया मला एका म्हाताऱ्या सँडरकडून मिळाली. पोर्तुगीज माणूस, आयुष्यभर फ्लोर घासले, आता गुडघे गेलेत पण नजर शाबूत आहे. त्याला मी मित्राच्या घराचे फोटो दाखवले तर त्याने फोन बाजूला ठेवला, म्हणाला फोटोत काही दिसत नाही, बत्ती लागते. मग त्याने स्वतःच्या हॉलमध्ये करून दाखवलं, टॉर्च फ्लोरवर आडवी ठेवली, अगदी टेकवून, आणि प्रकाश पट्ट्यांवरून घसरत गेला तसा एक एक ओरखडा उभा राहिला जो उभ्याने बघताना अजिबात दिसत नव्हता. म्हणाला घासून झालं की पॉलीचा डबा उघडायच्या आधी हे करायचं, आणि संशय असेल तिथे मिनरल स्पिरिटचं (थिनरसारखं असतं ते) ओलं फडकं फिरवायचं, फिनिश लागल्यावर लाकूड कसं दिसेल ते तेवढ्यापुरतं दिसतं, दोन मिनिटांत उडून जातं. त्या क्षणी ओरखडा दिसला तर अर्ध्या तासाचं काम आहे, स्टेन मारल्यावर दिसला तर अख्खी खोली.

बिघाड कुठे होतो तेही त्याने सांगितलं. ३६ नंबरच्या काचपेपरने सुरुवात केली की मग ६०, मग ८० किंवा १००, असं चढत जायचं, प्रत्येक नंबर आधीच्याचे चरे काढतो. घाईवाला ३६ वरून सरळ ८० वर उडी मारतो, ८० ला ३६ चे खोल चरे निघत नाहीत, नुसते गुळगुळीत होतात, हाताला कळत नाही आणि स्टेन त्यात जाऊन बसतो. दोन दिवसांत ९०० फूट, स्टेन, तीन हात, हे गणित कुठेतरी पायरी गाळल्याशिवाय बसतच नाही असं तो म्हणाला. त्याला मी तिथेच पार्टनर करायचं ठरवून टाकलं आहे, त्याला अजून नीट सांगितलेलं नाही.

तर ही दुसरी व्हिजिट घासणं संपल्यावर आणि फिनिशच्या आधी, कॉन्ट्रॅक्टसोबत आधीच ठरवून. कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहायचं की इथे अर्धा दिवस थांबायचं, तपासणी झाल्यावर पुढचा हप्ता. चांगल्या कॉन्ट्रॅक्टरला याचं काही वाटणार नाही, उलट नंतरची कटकट वाचते. जो भडकेल तो का भडकला हे घरमालकाला फुकटात कळलं.

कॉन्ट्रॅक्टवरून आठवलं. न्यू जर्सीत ५०० डॉलरच्या वरचं होम इम्प्रूव्हमेंटचं काम असेल तर लेखी कॉन्ट्रॅक्ट लागतं, कॉन्ट्रॅक्टरचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि कॉन्ट्रॅक्टची प्रत हातात आल्यावर कामाच्या तीन दिवसांत तुम्ही कॅन्सल करू शकता. हे कितीजणांना माहीत आहे? एस्टिमेट म्हणून जे येतं ते टेक्स्ट मेसेज असतं, "सँड स्टेन ३ कोट पॉली" आणि खाली आकडा. कुठली पॉली? तेलाची का पाण्याची? तेलाची पिवळसर होत जाते, वास येतो, पूर्ण पक्की व्हायला महिनाभर लागतो, पाण्याची रंग बदलत नाही आणि आठवडाभरात बरीचशी पक्की होते पण चांगली घ्यायची तर महाग. यातलं काहीच न ठरवता तुलना करायची म्हणजे एकाने आमरस सांगितला आणि दुसऱ्याने मँगो फ्लेवरचं सरबत, दर कसा लावणार. तर तीन एस्टिमेट आमच्याकडे पाठवा, आम्ही एकाच फॉर्मवर आणून देतो, काचपेपरचे नंबर कुठले, प्रॉडक्ट कुठलं, किती हात, मधे घासणार का, धूळ कशी अडवणार, स्टेनची सँपलं तुमच्याच फ्लोरवर लावून दाखवणार का. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण इंस्टाग्रामवरचा ग्रे रंग व्हाइट ओकवर असतो आणि तुमच्या घरी रेड ओक, त्याच्यात मूळचा गुलाबीपणा, वर ग्रे मारला की जांभळट झाक येते आणि मग नवरा-बायको महिनाभर बोलत नाहीत. आणि एक ओळ अशी की भुशाच्या पिशव्या आणि तेल लागलेली फडकी रात्री घरात ठेवायची नाहीत. ती आपोआप तापून पेट घेतात, खरंच घेतात, यावर विनोद नको.

ज्या आयडिया मी बाद केल्या त्याही सांगतो. ॲप. सगळ्यात आधी तेच डोक्यात आलं कारण आमची जमात आयटीतली, फोटो अपलोड करा, एआय सांगेल. पण वर सांगितलं तसं फोटोत आडवा प्रकाश नसतो, जाडी दिसत नाही, ओल दिसत नाही, मग एआय काय सांगणार कपाळ. दुसरी, चांगल्या कॉन्ट्रॅक्टरांची यादी करून त्यांच्याकडे पाठवलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे त्यांच्याकडून पैसे घ्यायचे. ही सगळ्यात सोपी कमाई आहे आणि म्हणूनच नको, एकदा त्यांच्याकडून पैसे घ्यायला लागलो की "घासू नका" हे दोन शब्द तोंडातून निघणार नाहीत. कुंपणच शेत खातं ते असं. रिअल्टरकडून (घरांच्या एजंटकडून) कमिशन, तेही नको, त्याला घर विकायचं असतं. स्वतःच रिफिनिशिंग करायचं, तर मग मी तरी वेगळा कसा.

रीकोटचं मेंटेनन्स प्लॅन मात्र मोह पाडतं. दर काही वर्षांनी येऊन नुसता एक हात मारून जायचा, म्हणजे लाकडापर्यंत झीज पोचतच नाही आणि पूर्ण सँडिंग कित्येक वर्षं लांब जातं. आपल्या घरांना याचा फायदा जास्त, कारण आपण चपला बाहेर काढतो, फिनिश मुळात हळू झिजतं. आपला शत्रू वेगळा आहे, पाणी. भारतातून आई सहा महिन्यांसाठी येते, तिला इकडच्या स्विफर मॉपवर विश्वास नसतो, ती बादलीत पाणी आणि फिनाइल घेऊन रोज ओल्या फडक्याने फरशी पुसते कारण तिच्या लेखी ती फरशीच आहे, आणि पट्ट्यांच्या फटीत पाणी जाऊन कडा काळपट व्हायला लागतात. आईला कोण सांगणार? सुनेने सांगितलं तर महाभारत, आम्ही युनिफॉर्म घालून येऊन सांगितलं तर "बरं हो, साहेब म्हणतात तसं". याचे वेगळे पैसे घेणार नाही. पण हे प्लॅनसुद्धा तपासणाऱ्याने विकू नये असं मला वाटतं, दुसऱ्या कोणाला तरी द्यावं, बायको म्हणते एवढं सोवळं पाळलंस तर धंदा कसला, तिचंही चूक नाही.

एक छोटी गोष्ट मात्र फुकट देणार, फ्लोरचा रेकॉर्ड. इलेक्ट्रिक पॅनेलच्या दाराच्या आतून एक कार्ड चिकटवायचं, कधी घासलं, किती जाडी उरली, कुठलं फिनिश, किती हात, स्टेनचं नाव. पुढच्या मालकाला किंवा पुढच्या कॉन्ट्रॅक्टरला अंदाजपंचे करायला नको. कार्डावर आमचा नंबर असेलच, इतके काही आम्ही संत नाही.

अडचणी आहेत. इन्शुरन्स घ्यावा लागेल, कारण आम्ही "घासा" म्हटलं आणि खाली प्लायवूड निघालं तर केस आमच्यावर. क्लोजिंगचा सीझन वसंतात आणि उन्हाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत फोन वाजणार नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे घाई, क्लोजिंगनंतर बोलावलं तर उशीर झालेला असतो, म्हणून ही व्हिजिट होम इन्स्पेक्शनच्याच दिवशी लावायची असं डोक्यात आहे, घर तसंही त्या दिवशी उघडं असतं, जाळी उचलायला सेलरची परवानगी तेवढी घ्यायची. म्हणजे काम किती आणि खर्च किती हे घर घ्यायच्या आधी कळेल आणि किंमतीत घासाघीसही करता येईल. दोनतीन होम इन्स्पेक्टरांशी बोलणं चालू आहे, एकाने होकारार्थी मान हलवली आहे. मिडलसेक्स किंवा सॉमरसेट काउंटीत जुनं घर बघत असाल आणि खाली ओक असेल तर कॉमेंटमध्ये टाका, पहिल्या काही घरांना आम्ही फुकट येऊ, म्हातारा आणि मी, टॉर्च त्याची.